सर्व्हे झाला, आता फायली द्या

पाण्यातला सर्व्हे, म्हणजे खाडी-समुद्राचा तळ मोजणं, म्हणलं की लोकांच्या डोळ्यापुढं बोट, केबली, लॅपटॉपवर घातलेलं प्लास्टिक आणि उन्हानं काळवंडलेली माणसं येतात. ते सगळं असतंच, पण माझं डोकं जे खरं पिकतं ते किनाऱ्यावर आल्यावर, आणि तेही डेटा साफ करताना नाही तर एक्स्पोर्ट करताना, म्हणजे तो ज्याला त्याला हव्या त्या फाईलमध्ये काढून देताना. साफसफाईत निदान आपण आणि आपला डेटा एवढेच असतो. एक्स्पोर्टमध्ये सात माणसं सात दिशांनी ओढत असतात आणि प्रत्येकाला वाटतं आपली फाईल म्हणजे एक बटण दाबायचं काम आहे.

हे काम मुंबई बंदराच्या पूर्वेला, रायगडच्या बाजूच्या एका खाडीच्या तोंडाशी होतं. एका जेट्टीकडं जाणारा चॅनल आणि आजूबाजूचा भाग, साधारण दोन किलोमीटर लांब आणि सहाशे मीटर रुंद. सगळी यंत्रं आवाज सोडून प्रतिध्वनी ऐकणारी. मध्ये मल्टीबीम (एका वेळी रुंद पट्टा मोजणारा), कडेला जिथं बोट टेकते तिथं ड्युअल फ्रिक्वेन्सीचा सिंगल बीम (बोटीखालची खोली दोन आवाजांनी मोजणारा), तळावर काय पडलंय बघायला साइडस्कॅन आणि गाळाखाली कातळ कुठंय ते बघायला सबबॉटम. मागणारे कोण तर पोर्टचे इंजिनियर, ड्रेजिंगचा म्हणजे गाळ काढण्याचा ठेकेदार, पुण्यातली पाण्याच्या प्रवाहाच्या मॉडेलिंगची टीम, एक परदेशी कन्सल्टंट, जिओटेकवाले (तळाखालचे माती-कातळ बघणारे), आणि सगळ्यात वर ज्यांना फक्त मोबाईलवर रंगीत चित्र बघायचंय ते मोठे साहेब. कामाच्या ऑर्डरमध्ये डिलिव्हरेबल्सखाली काय लिहिलेलं, तर 'सर्व डेटा योग्य फॉरमॅटमध्ये'. योग्य म्हणजे कुठला हे विचारायला फोन केला तर उत्तर आलं, "सगळ्याच फॉरमॅटमध्ये द्या ना, काय फरक पडतो."

फरक पडतो. म्हणून मी आता कोणाला फॉरमॅट विचारतच नाही, त्या फाईलचं पुढं काय करणार एवढंच विचारतो. कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये उघडणार, तिच्यातून घनमीटर काढणार का नकाशा छापणार का नुसतं बघणार. त्यावरून फॉरमॅट मी ठरवतो.

सुरुवात वेळेपासून, कारण वेळ चुकली तर पुढचं सगळं वाया. आमचं रेकॉर्डिंग हायपॅक नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये होतं, त्याच्या एचएसएक्स फायली चक्क टेक्स्ट असतात, नोटपॅडमध्ये उघडून वाचता येतात, एका ओळीत हीव्ह-पिच-रोल (बोटीचं वरखाली होणं आणि डुलणं), एका ओळीत जायरो (बोटीची दिशा), एका ओळीत पिंग (आवाजाचा एक ठोका). नवीन पोरांना मी आधी तीच फाईल वाचायला लावतो. पण त्यात प्रत्येक ओळीला जी वेळ असते ती मध्यरात्रीपासूनचे सेकंद अशी असते, आणि आपण घड्याळ यूटीसीवर, म्हणजे ग्रीनिचच्या वेळेवर, ठेवलं की यूटीसीची मध्यरात्र आपल्याकडं पहाटे साडेपाचला होते. आता खाडीत काम करायचं तर भरती सकाळची असेल तेव्हा पाचलाच पाण्यात असावं लागतं, म्हणजे बरोबर लाईन (मोजणीची एक सरळ फेरी) चालू असताना तारीख बदलणार. त्यामुळं आमचा नियम असा की साडेपाचच्या आत चालू लाईन तोडायची, लॉगिंग बंद करायचं, चहा घ्यायचा आणि मग नवीन लाईन. बोट चालवणाऱ्या तांडेल काकांना हे कधीच पटलं नाही. ते म्हणायचे, "अरे पाणी उतरायला लागेल, तुमच्या चहापायी मी थांबू होय?" मी म्हणलं काका चहा नाही, तारीख बदलतेय. त्यावर त्यांनी माझ्याकडं जे बघितलं ते असो.

दुसरी भानगड भरती-ओहोटीची फाईल. जेट्टीवर पाण्याची पातळी लिहिणारा माणूस आपल्या हातातल्या घड्याळाप्रमाणं, म्हणजे आयएसटीत, भारतीय वेळेत लिहितो. सर्व्हे यूटीसीत. मध्ये साडेपाच तास. आता भरतीपासून ओहोटी म्हणजे साधारण सव्वासहा तास, त्यामुळं हे साडेपाच तास न वळवता फाईल लावली तर भरतीच्या जागी जवळजवळ ओहोटी लागते. मुंबईच्या अपोलो बंदरला उधाणाची, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराची, सरासरी भरती 4.42 मीटर आणि उधाणाची ओहोटी 0.76, म्हणजे साडेतीन मीटरपर्यंत चूक निघू शकते, तीसुद्धा ज्या चॅनलमध्ये एकेक डेसिमीटरवर भांडणं होतात तिथं. गंमत अशी की भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांत सरासरी 3.30 ते 1.86 एवढंच पाणी हलतं, चूक तिथं लहान दिसते आणि सुटून जाते. म्हणून तपासायचं तर उधाणाच्या दिवसाच्या लाईनी घ्यायच्या आणि त्यांना आडव्या मारलेल्या क्रॉस लाईनींशी जुळवायच्या, त्याही शक्यतो वेगळ्या वेळी मारलेल्या. दोन्ही एकाच तासात मारल्या असतील तर दोन्ही सारख्याच चुकतात आणि छान जुळतात.

आणि डेटम, म्हणजे खोली-उंची जिथून मोजतात ते शून्य. हायड्रोग्राफीतलं (पाण्याच्या सर्व्हेतलं) शून्य म्हणजे चार्ट डेटम, ओहोटीच्या जवळपासचं. सिव्हिलवाल्यांचं शून्य म्हणजे समुद्रसपाटी, बेंचमार्कवरनं आणलेली. अपोलो बंदरला सरासरी समुद्रसपाटी चार्ट डेटमच्या 2.51 मीटर वर आहे. जेट्टीच्या पाइलचं ड्रॉइंग एका शून्यावर आणि तळाची खोली दुसऱ्या शून्यावर अशी दोन कागदं एकावर एक ठेवली की अडीच मीटर कुठं गेले म्हणून मीटिंग लागते. यातलं काहीही एक्सवायझेड फाईलमध्ये (दर पॉइंटला पूर्व, उत्तर आणि खोली) लिहिलेलं नसतं. ना डेटम, ना झोन (जागेचे आकडे नकाशाच्या कुठल्या पट्ट्यातले ते), ना तारीख. तीन आकडे आणि एंटर, एवढंच. सगळ्यात गरीब फॉरमॅट, आणि सगळ्यात जास्त मागणी त्यालाच.

तर एक्सवायझेड. पहिला प्रश्न चिन्हाचा. आमच्याकडं खोली म्हणजे खाली जाणारी पॉझिटिव्ह, सात मीटर म्हणजे 7.0. पुण्याच्या मॉडेलिंगच्या मॅडमना माइक 21 या मॉडेलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकायचं होतं, तिथं डेटमच्या खालचा तळ निगेटिव्ह लागतो, म्हणजे उणे 7.0. त्यांच्याच टीममधल्या दुसऱ्या एकाला डेल्फ्ट थ्रीडीचं जुनं फ्लो मॉडेल चालवायचं होतं, त्याला परत खोली पॉझिटिव्ह पाहिजे. एकाच टीमला, एकाच दिवशी, उलट्या चिन्हाच्या दोन फायली. सरळ उलटं केलं की झालं असं वाटतं पण खाडीत ओहोटीला उघडे पडणारे चिखलाचे पट्टे असतात, ते डेटमच्या वर असतात, त्यांची खोली आमच्या हिशेबात आधीच निगेटिव्ह असते. कोणीतरी एक्सेलमध्ये सगळ्या कॉलमला सरसकट उणे चिन्ह लावलं, म्हणजे आधी असलेलं उणं काढून टाकून मग सगळ्यालाच उणे, तर ते पट्टे पाण्याखाली जातात आणि मॉडेलमधून पाणी तिथनंही वाहायला लागतं. मॅडमनी फोन करून विचारलं तेव्हा त्या बरोबर विचारत होत्या, "दादा, किनाऱ्याला लागून हा जो खड्डा दिसतोय तो खरा आहे का?" फाईल आमच्याकडनं बरोबर गेलेली, मध्ये कोणाच्या तरी लॅपटॉपवर ही उणे-अधिकची सफाई झाली होती. तेव्हापासून मी फाईलच्या नावातच लिहितो, खोली खाली पॉझिटिव्ह की उंची वर पॉझिटिव्ह. नाव लांबलचक होतं, होऊ दे.

दुसरं म्हणजे एक्सेल. अर्ध्या मीटरच्या ग्रिडवर, म्हणजे अर्ध्या मीटरच्या दर चौकोनाला एक पॉइंट धरला तर, आमचं क्षेत्र म्हणजे अठ्ठेचाळीस लाख पॉइंट. एक्सेलच्या शीटला रांगा किती तर 10,48,576. त्याच्या पुढचं ते घेत नाही, एक छोटी सूचना दाखवतं आणि सूचना आली की ओके दाबायची ही आपली सवय. ग्रिडवरनं काढलेली एक्सवायझेड सहसा वरच्या रांगेपासून, म्हणजे उत्तरेकडून दक्षिणेकडे लिहिली जाते, त्यामुळं एक्सेलमध्ये उत्तरेकडचा पाव भागसुद्धा पूर्ण आला नव्हता. एका ऑफिसातनं मेल आला की दक्षिणेकडच्या भागाचा सर्व्हे केलेलाच नाही, सबब बिल थांबवण्यात येत आहे. मी जाऊन त्यांच्याच कॉम्प्युटरवर शेवटची रांग दाखवली, 10,48,576, आणि मग तीच फाईल क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून दाखवली. साहेब म्हणाले, "मग एक्सेलला बसेल अशी द्या." तर त्यांना पाच मीटरचं वेगळं ग्रिड करून दिलं, अठ्ठेचाळीस हजार पॉइंट, ते खूश. फुकट गेलेला दिवस आपला.

पण पॉइंट कमी कसे करायचे ही वेगळीच लढाई आहे. नकाशासाठी साउंडिंग, म्हणजे छापायच्या खोल्या, निवडतात तेव्हा आसपासच्या पॉइंटमधला सगळ्यात उथळ ठेवतात, कारण जहाज टेकतं ते उथळावर. ते बरोबरच आहे. पण तीच उथळ निवडलेली फाईल ड्रेजिंगच्या ठेकेदारानं घेतली आणि तिच्यावर घनमीटर काढले तर तळ होता त्यापेक्षा वर दिसतो, काढायचा गाळ फुगतो. बारा लाख चौरस मीटरवर नुसते दहा सेंटीमीटर इकडचे तिकडे झाले तर एक लाख वीस हजार घनमीटर. एवढ्या गाळाचे पैसे कोणी कोणाला द्यायचे यावर माणसं वर्षानुवर्षं भांडतात. त्यामुळं नकाशाला उथळ निवडलेली आणि हिशेबाला सरासरीची ग्रिड, अशा दोन वेगळ्या फायली, दोन वेगळ्या फोल्डरमध्ये, आणि दोन्हीच्या पहिल्या ओळीत कशासाठी आहे ते लिहून. पहिल्या ओळीत टेक्स्ट असलं की काही सॉफ्टवेअर कुरकुरतात, त्यांनी कुरकुरावं.

गाळाचा आणखी एक चावटपणा. मुंबईच्या खाड्यांत तळाशी पातळ गाळ असतो, पेजेसारखा, वर पाणी आणि खाली घट्ट चिखल यांच्या मधला. 200 किलोहर्ट्झचा आवाज त्याच्या वरच्या थरावरनं परत येतो, 33 चा आत शिरतो आणि खालच्या घट्ट थरावरनं येतो. ड्युअल फ्रिक्वेन्सी साउंडर दोन्ही खोल्या लिहितो, एक्स्पोर्ट करताना मात्र एकच कॉलम झेड म्हणून जातो आणि कुठला ते एका छोट्या ड्रॉपडाऊनमध्ये ठरतं. मल्टीबीम वरच्याच फ्रिक्वेन्सीला चालतो, म्हणून कडेचा सिंगल बीम आणि मधला मल्टीबीम एकत्र करायचे तर वरचीच फ्रिक्वेन्सी घ्यावी लागते, नाहीतर दोन्हीच्या सांध्यावर एक पायरी तयार होते जी तळावर नाहीच. ठेकेदाराला मी दोन्ही खोल्या वेगळ्या कॉलममध्ये दिल्या आणि वर लिहिलं की पैसे कुठल्यावर ते तुम्ही आणि पोर्ट बसून ठरवा. यात मी पडत नाही.

डीएक्सएफ, म्हणजे ऑटोकॅडसाठीची ड्रॉइंगची फाईल, त्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. इंजिनियर लोकांना ऑटोकॅडमध्ये आकडे पाहिजेत, आकड्याचा दशांश बिंदू बरोबर त्या जागेवर पाहिजे, आणि आकडे एकमेकांवर चढता कामा नयेत. 1:1000 च्या शीटवर पाच मिलीमीटरला एक आकडा म्हणजे जमिनीवर पाच मीटर. फक्त युनिट मीटर आहे ना ते बघा, कारण मिलीमीटरमध्ये बनवलेल्या जेट्टीच्या ड्रॉइंगमध्ये तुमचा सर्व्हे टाकला तर एका कोपऱ्यात ठिपका दिसतो आणि मग फोन येतो की फाईल रिकामी आहे.

साइडस्कॅनवर मात्र थोडं थांबतो, कारण माझी एक अख्खी रात्र त्यानं खाल्ली. आमचा टोफिश (बोटीमागं केबलनं ओढायचा साइडस्कॅन) एजटेक कंपनीचा, त्याच्या मूळ फायली जेएसएफ. मागणी होती एक्सटीएफची, कारण ती जवळजवळ सगळीकडं उघडते. ट्रायटनवाल्यांनी काढलेला जुना फॉरमॅट आहे, फाईलचा पहिला बाइट 123, सुरुवातीला 1024 बाइटचा हेडर आणि मग एकामागून एक पॅकेट. कन्व्हर्जन झालं, फाईल उघडली, पिंग दिसतायत, तळ दिसतोय, डोल जाळ्यांचे खुंट आणि त्यांच्या सावल्यासुद्धा सुरेख दिसतायत. आणि मोझेक, म्हणजे सगळ्या लाईनी जोडून एक चित्र, करायला घेतलं तर स्क्रीनवर काहीच नाही. झूम टू एक्स्टेंट केलं तर नकाशा गेला विषुववृत्तावर, मालदीवच्या पश्चिमेला भर समुद्रात, आणि सगळा दोन किलोमीटरचा सर्व्हे दोन-तीन सेंटीमीटरात गोळा झालेला.

कारण बघायला हेडर उघडला. त्यात नॅव्हिगेशनच्या युनिटचा एक आकडा असतो, शून्य म्हणजे मीटर, तीन म्हणजे अक्षांश-रेखांश. आत प्रत्येक पिंगला लिहिलेलं होतं 72 पॉइंट काहीतरी आणि 18 पॉइंट काहीतरी, म्हणजे अंश, आणि हेडरमध्ये होतं शून्य. म्हणजे वाचणाऱ्या सॉफ्टवेअरनं प्रामाणिकपणे मानलं की बोट झोन 43 च्या मूळ बिंदूपासून 72 मीटर पूर्वेला आणि 18 मीटर उत्तरेला आहे. आमच्या प्रोजेक्टचं ईस्टिंग (पूर्वेकडचे मीटर) असतं दोन लाख ऐंशी हजारच्या आसपास आणि नॉर्दिंग (उत्तरेकडचे) वीस लाख नव्वद हजार. आकडे सहा अंकी आणि सात अंकी, त्यामुळं उलटे झाले तरी लगेच कळतं, पण हे असे दोन अंकी झाले की सॉफ्टवेअर काही बोलत नाही. कन्व्हर्टरच्या सेटिंगमध्ये आउटपुट युनिट म्हणून एक ओळ होती, ती बदलली, परत सगळ्या लाईनी फिरवल्या. मालदीवहून रायगडला आलो तेव्हा उजाडायला लागलं होतं.

तिथंच अजून दोन गोष्टी सापडल्या. एक्सटीएफच्या पिंगमध्ये जागेचे दोन वेगळे रकाने असतात, जहाजाची जागा आणि सेन्सरची जागा. आमचा फिश खाडीत उथळ पाण्यामुळं अगदी थोड्या केबलवर होता, पण तरी अँटेनापासून मागंच होता. हे मागं राहिलेलं अंतर म्हणजे ले-बॅक, ते लावून आलेली जागा सेन्सरच्या रकान्यात, आणि वाचणारं एखादं सॉफ्टवेअर जहाजाचा रकाना उचलतं. चाचणी सोपी आहे, एकच खुंट येताना आणि जाताना दोन्ही लाईनींत शोधायचा. दोन्हीकडं एकाच जागी आला तर ठीक, नाहीतर दोन खुंट दिसतात आणि मधलं अंतर साधारण ले-बॅकच्या दुप्पट. दुसरी गोष्ट बिटची. जेएसएफमध्ये सोळा बिटचे सँपल, म्हणजे पासष्ट हजारांवर पातळ्या. कन्व्हर्टरचं डीफॉल्ट आठ बिट, म्हणजे 256. चित्र म्हणून बघायला आठ बिट पुष्कळ, पण नंतर कोणाला तळाचा प्रकार वेगळा करायचा असेल, चिखल कुठं आणि वाळू कुठं, तर तो बारीक फरक आठ बिटात चिरडलेला असतो आणि परत आणता येत नाही. म्हणून एक्सटीएफ सोळा बिटात दिली आणि जेएसएफसुद्धा सोबत दिल्या, मागितल्या नव्हत्या तरी. जिओटिफ (आत जागेची माहिती असलेली चित्राची फाईल) मोझेक आठ बिटचं, ते बघण्यासाठीच आहे.

जिओटिफवरनं आठवलं, काही लोक अजून टिफ आणि सोबत टीएफडब्ल्यू मागतात. त्या छोट्या फाईलमध्ये सहा ओळी असतात, पिक्सेलचा आकार, फिरवणं आणि वरच्या डाव्या पिक्सेलच्या मध्याची जागा. झोनबिन काही नाही. आणि मध्याची हे महत्त्वाचं, कारण एएससी ग्रिडमध्ये (टेक्स्टमध्ये लिहिलेल्या ग्रिडमध्ये) बऱ्याचदा खालचा डावा कोपरा लिहितात. मध्य आणि कोपरा यांची गल्लत झाली की सगळं अर्ध्या पिक्सेलनं सरकतं, आमच्या ग्रिडला पंचवीस सेंटीमीटर. सपाट तळावर कोणाला कळणार नाही. पण चॅनलच्या उतारावर, समजा पाचास एक असा उतार असेल, तर तिथं पाच सेंटीमीटर खोली चुकते, आणि दोन बाजूंच्या उतारांवर उलट चुकते. मागच्या सर्व्हेशी वजाबाकी केली की चॅनलची एक बाजू भरली आणि एक बाजू खचली असं दिसतं. असलं चित्र दिसलं की गाळाच्या प्रवाहावर थिअरी मांडण्याआधी अर्धा पिक्सेल बघावा.

जिओटेकवाल्यांना सबबॉटम एसईजी-वायमध्ये पाहिजे होता. हा 1975 सालचा फॉरमॅट, तेलवाल्यांचा, मॅग्नेटिक टेपसाठी केलेला, आणि तो वारसा अजून चिकटून आहे. सुरुवातीला 3200 बाइटचा मजकूर, तो आयबीएमच्या जुन्या ईबीसीडीआयसी लिपीत असू शकतो, मग 400 बाइटचा हेडर, मग प्रत्येक ट्रेसला (एका ठोक्याच्या प्रतिध्वनीला) 240 बाइटचा. त्यांच्यातल्या एका नवीन इंजिनियरनं फाईल नोटपॅडमध्ये उघडली आणि मला स्क्रीनशॉट पाठवला, सगळीकडं ॲट द रेटच्या रांगाच रांगा. "सर फाईल करप्ट आहे." करप्ट नव्हती, त्या लिपीतली मोकळी जागा आपल्या कॉम्प्युटरला ॲट द रेट दिसते. मी पुढच्या वेळी ते हेडर साध्या ॲस्कीत लिहून दिलं, आणि त्यात ओळीनं झोन, डेटम, आवाजाचा वेग किती धरला, सगळं मराठी माणसाला शोभेल असं कंजुषी न करता. फक्त जागा बघायला लागते, ट्रेस हेडरच्या 73 आणि 77 व्या बाइटपासून एक्स आणि वाय पूर्णांकात असतात, आणि 71 व्या बाइटला गुणक. गुणक नीट लिहिला नाही तर सेंटीमीटर मीटर होतात. आणि खाली जाणारा अक्ष वेळ आहे, मिलिसेकंद, तेही जाऊन-येऊन. कातळ दहा मिलिसेकंदावर म्हणजे 1500 मीटर प्रति सेकंद धरला तर साडेसात मीटर, पंधरा नाही. हे त्यांना माहीत असतं, तरी मी लिहितो.

परदेशी कन्सल्टंटची मागणी सगळ्यात लांब होती आणि खरं सांगायचं तर सगळ्यात शहाणी. त्यांना पाहिजे होतं जीएसएफ आणि बॅग, दोन्ही सर्व्हेच्याच डेटाचे फॉरमॅट. जीएसएफमध्ये प्रत्येक पिंग, प्रत्येक बीम, कुठला बीम आपण फेटाळला त्याची खूण, अनिश्चितता, लावलेलं टाइड करेक्शन, सगळं राहतं, म्हणजे माझ्या निर्णयांवर कोणाला शंका आली तर तो परत जाऊन बघू शकतो. बॅग म्हणजे ग्रिड, आत एचडीएफ 5 (थराथरानं डेटा ठेवायची फाईल), एका थरात उंची आणि दुसऱ्या थरात त्या उंचीची अनिश्चितता, सोबत मेटाडेटा आतच. डेटम विसरायची सोयच नाही. एस-44 या आंतरराष्ट्रीय सर्व्हे मानकाच्या स्पेशल ऑर्डरमध्ये, म्हणजे एका कडक वर्गात, दहा मीटर खोलीला साधारण सव्वीस सेंटीमीटरची उभी अनिश्चितता चालते, ती आपण पाळली का नाही हे त्या दुसऱ्या थरात कोणीही तपासू शकतं. आपल्याकडं कोणी हा थर मागत नाही, मागायला हवा.

बॅगमध्ये एक खोच आहे. जिथं डेटा नाही तिथं दहा लाख हा आकडा भरलेला असतो. जीडाल (असल्या फायली वाचणारं सॉफ्टवेअर) किंवा क्यूजीआयएसला ते कळतं आणि ती जागा मोकळी दाखवतात, पण कोणी त्यातनं स्वतःच्या स्क्रिप्टनं एक्सवायझेड काढली तर खाडीच्या कडेनं दहा लाख मीटर उंचीचे डोंगर उभे राहतात. हे निदान दिसतं. जास्त वाईट ते जे दिसत नाही. एका पॉइंट क्लाऊडमध्ये झूम केलं तर पॉइंट सगळे आडव्या रेघांत उभे, मध्ये बरोबर साडेबारा सेंटीमीटर. मल्टीबीमचे पॉइंट कधी असे कवायतीला उभे राहत नाहीत. कुठल्यातरी टप्प्यावर नॉर्दिंग सिंगल प्रिसिजनमध्ये (जिथं साधारण सातच अंक टिकतात) लिहिलं गेलं होतं, आणि वीस लाखांच्या आकड्याला त्यात दोन शेजारच्या किमतींमध्ये 0.125 मीटरचं अंतर असतं, त्याच्या मधलं काही लिहिताच येत नाही. ईस्टिंग लहान म्हणून त्यात तीन सेंटीमीटरच, तिकडं कोणाचं लक्ष गेलं नसतं. शेवटी ते पॉइंट लॅस या पॉइंट क्लाऊडच्या फॉरमॅटमध्ये दिले, तिथं पूर्णांक, स्केल आणि ऑफसेट असा हिशेब असतो, स्केल 0.001 ठेवला की मिलीमीटरचं भांडणच संपतं. अक्षांश-रेखांशातही हेच, दशांशानंतर पाच आकडे म्हणजे मीटरभर, सात असतील तरच सेंटीमीटर. चार आकड्यांची सीएसव्ही पाठवून वर 'आरटीके अचूकता', म्हणजे सेंटीमीटरची, लिहिणारे बघितलेत मी.

मोठ्या साहेबांना केएमझेड, गूगल अर्थमध्ये उघडणारी. लाल उथळ, निळं खोल. ती फाईल व्हॉट्सॲपवर जेवढी फिरली तेवढं बाकी काही फिरलं नाही, आणि एका मीटिंगमध्ये त्याच्यावरच बोट ठेवून खोली वाचायला लागले तेव्हा मला मध्ये बोलावं लागलं की साहेब हे बघायला आहे, मोजायला ती दुसरी.

हार्ड डिस्क देताना कच्चा डेटा, साउंड व्हेलॉसिटी प्रोफाइल, टाइड, बोटीवरचे ऑफसेट, साफ केलेला मूळ प्रोजेक्ट, आणि मग हे सगळे एक्स्पोर्ट, प्रत्येक फाईलचा चेकसम (फाईल बदलली नाही ना ते तपासायचा आकडा). आणि प्रत्येक एक्स्पोर्ट देण्याआधी दुसऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडून एक ओळखीचा पॉइंट तपासलेला, आमच्याकडं जेट्टीच्या टोकाशी बुडालेला जुना सिमेंटचा ब्लॉक होता, त्याची जागा आणि खोली मला पाठ झाली होती. ज्यानं एक्स्पोर्ट केलं त्याच सॉफ्टवेअरमध्ये परत उघडून बघण्याला काही अर्थ नाही, ते स्वतःची चूक स्वतःच बरोबर वाचतं.

आता कन्सल्टंटचा मेल आलाय की पुढच्या टप्प्याला बॅगसोबत एस-102 (तळाच्या खोलीच्या ग्रिडचा फॉरमॅट) पण पाहिजे, कारण जहाजांवरच्या नवीन एस-100 मानकाच्या ईसीडीआयएसमध्ये (इलेक्ट्रॉनिक चार्टच्या सिस्टिममध्ये) ते चालतं, आणि 2029 पासून नवीन बसणाऱ्या सिस्टिम एस-100 च्याच असणं बंधनकारक आहे. आतला मामला तोच एचडीएफ 5, मोकळ्या जागेला तेच दहा लाख. फक्त बॅगमध्ये उंची वर पॉझिटिव्ह आणि एस-102 मध्ये खोली खाली पॉझिटिव्ह. मॅडमना आधीच फोन करून सांगितलंय की यातली फाईल तुमच्याकडं आली तर उणे चिन्ह लावायच्या आधी मला विचारा.